शरणपुराकडे जाणारी वाट

वाचावयाचे भाग : अनुवाद १९:१-१०, यहोशवा २०:१-९, २ शमुवेल १३:१-२२.

पाठाचा मुख्य विचार : आश्रयस्थान असणे पुरेसे नाही, तेथवर जाण्याची वाट सिद्ध करणे हे मंडळीचे काम आहे.



ह्या आठवड्याचा पाठ पुष्कळांस जड वाटेल, कारण तो परक्यांविषयी नसून आमच्याच घरांविषयी आहे. नवऱ्याच्या किंवा सासरच्या माणसांच्या हातून मार खाणारी स्त्री आपल्या मंडळीत नाही, असे कोणी पाळक छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय? इ. स. २०१९ ते २०२१ ह्या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत असे आढळले की, आपल्या महाराष्ट्रात १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा बळजोरी सोसली आहे. त्याहून दुःखाची गोष्ट ही की, सबंध भारतात अशा हिंसेस बळी पडलेल्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ७७ जणींनी ती गोष्ट कोणास सांगितली नाही, व कोणाकडे मदतही मागितली नाही. ख्रिस्ती घरे ह्यांतून वगळावी असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही.

पाठाची पूर्वपीठिका

देवाने इस्राएल लोकांस सहा शरणपुरे नेमावयास सांगितले. यार्देनेच्या पश्चिमेस केदेश, शखेम व हेब्रोन ही तीन, आणि पूर्वेस बेसेर, रामोथ व गोलान ही तीन. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध झाला असेल त्याने सूड घेणाऱ्याच्या हाती सापडण्यापूर्वी तेथे पळून जावे, असा नियम होता. आता अनुवादाच्या १९व्या अध्यायातील तिसऱ्या वचनाकडे विशेष लक्ष द्यावे. देशाचे तीन विभाग करून तेथे जाण्याचा मार्ग तयार करावा, अशी त्यात आज्ञा आहे. सहाव्या वचनात तिचे कारण दिले आहे : वाट लांब पडली, तर पाठलाग करणारा त्यास मध्येच गाठील. देवाने नगरे नेमली, तसेच अंतरही मोजले आणि रस्ताही करविला. यहूदी लोकांच्या परंपरेत असे सांगतात की, जेथे रस्ते फुटत तेथे शरणपुराची दिशा दाखविणाऱ्या पाट्या लाविलेल्या असत, म्हणजे धापा टाकीत येणाऱ्यास वाट विचारीत थांबावे लागू नये.

ज्याच्या हातास रक्त लागले त्याच्यासाठी देवाने इतकी काळजी वाहिली, तर जिच्या पाठीवर विनाकारण वळ उठले तिच्यासाठी ती किती अधिक वाहावी!

आमची एक चूक

हा पाठ आम्ही पुस्तकांतून शिकलो नाही. एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर, मंडळीतील एक भगिनी कडेवर मूल घेऊन आमच्या दारी आली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. "पाळकसाहेब, आजची रात्र तरी मला घरी पाठवू नका," एवढेच ती म्हणाली. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, नवऱ्यास बोलावून आणिले, आणि इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून स्त्रियांस केलेला बोध वाचून दाखविला. त्याच अध्यायात पुरुषांस केलेला बोध त्याहून मोठा आहे, तो मात्र घाईने उरकला. दोघांस हात जोडावयास लाविले आणि घरी पाठविले. एक संसार सावरला म्हणून त्या रात्री आम्हांस समाधानाने झोप लागली.

तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री शेजाऱ्यांनी तिला पुन्हा आणिले. तिचा हात मोडला होता. सेमिनरीत आम्ही पुष्कळ शिकलो होतो, परंतु त्या घटकेस तिला कोठे न्यावे हे आम्हांस ठाऊक नव्हते. जवळच्या दवाखान्यास कुलूप होते. सकाळच्या एस. टी.ने तालुक्यास गेलो, तेथून जिल्ह्यास गेलो. ज्या बाईंकडे अखेरीस पोहोचलो त्यांनी सर्व ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला : "पहिल्यांदा ती तुमच्याकडे आली, तेव्हाच का नाही आणलंत?" ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. देवाच्या दयेने ती भगिनी वाचली, परंतु तिचा हात पूर्ववत् झाला नाही. शरणपूर होते, वाट आम्ही केली नव्हती.

पहिला बोध : वाट तयार करावी

प्रत्येक मंडळीने आपल्या भागाचा एक नकाशा तयार करावा. एके दुपारी स्त्रियांनी देवळात जमावे. पुरुषांनी त्या वेळी बाहेर राहावे. जमिनीवर खडूने गाव रेखाटावा : वस्ती, विहीर, शाळा, अंगणवाडी, एस. टी.चा थांबा, तालुक्यास जाणारा रस्ता. मग रात्री संकट आले तर कोणत्या दारावर थाप मारावी, व कोणत्या वाटेने जाऊ नये, हे प्रत्येकीने दाखवावे. कोणाच्या घरी काय घडले हे विचारू नये. कोठे जाता येईल एवढेच विचारावे. नंतर तीन वर्तुळे करावी.

गावाच्या वर्तुळात आशा ताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, रात्री आसरा देतील अशी दोन घरे आणि वाहन असलेला एक भरवशाचा मनुष्य ह्यांची नोंद करावी. एखादा अधिकारी मारणाऱ्याचाच नातलग असेल, तर तेही ध्यानात ठेवावे.

तालुक्याच्या वर्तुळात पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, संरक्षण अधिकारी व न्यायालयातील विधी सेवा समिती ही येतात. संरक्षण अधिकारी हे पद इ. स. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविषयीच्या कायद्याने निर्माण झाले. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. स्त्रीची हकीकत लिहून घेणे, तिचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेणे, तिला वकील, औषधोपचार व निवारा मिळवून देणे, हे ह्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. घर तिच्या नावावर नसले तरी तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. न्यायदंडाधिकारी पुरुषास मारहाणीपासून मना करू शकतात आणि खर्चही देवऊ शकतात. तो हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा सुनेप्रमाणेच आई, बहीण व विधवा भावजय ह्यांनाही लागू आहे. शिवाय, हिंसा घडत आहे असे ज्यास सबळ कारणाने वाटते असा कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो, व शुद्ध हेतूने कळविणाऱ्यावर त्याचा दोष येत नाही. पाळकांनी व उपदेशकांनी हे नीट ध्यानात धरावे. वकिलाच्या खर्चास कोणी भिऊ नये : इ. स. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारातून विनामूल्य वकील मिळतो.

जिल्ह्याच्या वर्तुळात जिल्हा रुग्णालय, 'सखी' वन स्टॉप सेंटर व शक्ती सदन ह्यांचा समावेश करावा. 'सखी' केंद्रांची योजना इ. स. २०१५ मध्ये सुरू झाली. तेथे औषधोपचार, पोलीस, वकील, समुपदेशन व थोड्या दिवसांचा निवारा ह्या गोष्टी एकाच छपराखाली मिळाव्या, असा तिचा उद्देश आहे. अधिक दिवस राहणे प्राप्त झाल्यास शक्ती सदन आहे. पूर्वी अशा गृहांस स्वाधार गृह म्हणत. दूरध्वनीचे आकडे सर्वांनी तोंडपाठ करावे : तातडीच्या मदतीस ११२, स्त्रियांसाठी १८१, रुग्णवाहिकेस १०८, मुलांसाठी १०९८, कायद्याच्या साह्यास १५१००.

नकाशा कागदावर उतरविण्यापूर्वी ती वाट एकदा चालून पाहावी. महिला मंडळातील एका भगिनीने व मंडळीच्या एका वडिलाने एस. टी.ने जाऊन प्रत्येक ठिकाणी विचारावे : कोणत्या वारी व किती वाजेपर्यंत उघडे असते? रात्री कोण भेटते? स्त्री अधिकारी आहे काय? मुले बरोबर घेतात काय, व मुलगा असल्यास कोणत्या वयापर्यंत? शेवटची गाडी किती वाजता सुटते? पाटीवर लिहिलेले आणि दाराशी गेल्यावर दिसणारे ह्यांत पुष्कळ वेळा अंतर असते. अधिकारी बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी चौकशी पुन्हा करावी. दूरध्वनीचे आकडे देवळाच्या भिंतीवर लावावे. परंतु आसरा देणाऱ्या घरांची नावे कधीही लावू नयेत. ती दोघांतिघांच्या मनातच असावी. संकटातील भगिनीच्या हातीही कागद देऊ नये, कारण तो घरी सापडला तर तिच्यावर नवे संकट येईल.

दुसरा बोध : वेशीवर ऐकून घ्यावे

यहोशवा २०:४ मध्ये सांगितले आहे की, पळून आलेल्याने वेशीपाशी उभे राहून वडिलांस आपली हकीकत सांगावी, आणि त्यांनी त्यास आत घेऊन जागा द्यावी. येथील क्रम पाहावा : आधी ऐकणे, मग आत घेणे, मग जागा देणे. उपदेशास ह्यांत पहिले स्थान नाही. तिला नवऱ्यासमोर काही विचारू नये. "तू काय केलेस म्हणून त्याने मारले?" असे कधी म्हणू नये. तिची इच्छा काय आहे हे विचारावे. ती सज्ञान आहे, आणि पुढचे पाऊल तिचे तिनेच ठरवावयाचे आहे.

दोन प्रसंगी मात्र विलंब करू नये. स्त्रीवर बलात्कार झाला असेल, तर तिला तत्काळ रुग्णालयात नेण्याविषयी सांगावे. रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, तिच्यावर विनामूल्य उपचार करणे त्यास बंधनकारक आहे. गर्भ राहू नये व एच. आय. व्ही.ची लागण होऊ नये म्हणून द्यावयाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितके बरे. शक्य तर तिने तपासणीपूर्वी स्नान करू नये, व अंगावरील कपडे धुऊ नयेत. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेतली पाहिजे, असा १ जुलै २०२४ पासून चालू असलेल्या संहितेचा नियम आहे. दुसरा प्रसंग बालकाचा. १८ वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांस कळविणे, इ. स. २०१२ च्या कायद्याप्रमाणे, प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळकही त्यातून सुटलेला नाही.

तिसरा बोध : हवाली करू नये

यहोशवा २०:५ म्हणते की, सूड घेणारा वेशीपर्यंत आला तरी वडिलांनी शरणागतास त्याच्या हवाली करू नये. आम्ही त्या रात्री नेमके हेच केले होते. दाविदाच्या घरी तामारेची गोष्ट घडली, तेव्हा भावाने तिला गप्प राहावयास सांगितले. दाविदास राग आला, परंतु त्याने काही केले नाही. आणि तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहिली. राग येणे म्हणजे न्याय करणे नव्हे. घरातली गोष्ट घरातच ठेवावी, ह्या शहाणपणाने दाविदाच्या घराचे काय झाले हे पुढील अध्यायांत वाचावे.

कोणी विचारतील, "पाळकाने संसार मोडावा काय?" ज्याने हात उगारला त्यानेच संसार मोडण्यास आरंभ केला, असे आमचे उत्तर आहे. मलाखी संदेष्ट्याने २:१६ मध्ये जुलुमाचा संबंध विवाहाच्या करारभंगाशी जोडला आहे. समेट हे पश्चात्तापाचे फळ आहे. मार खाणारीने भरावयाचा तो दंड नव्हे. फळ दिसण्यापूर्वी तिला परत पाठविणे हा धर्म नाही.

ह्या कामी आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, व पुढे ते पुण्यास नेले. परंतु घर उघडून त्या वाट पाहत बसल्या नाहीत. इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा ह्यांस घेऊन आल्या. त्यांच्यासाठीच केडगाव येथील मुक्तिसदन वाढले. ज्यांना शरणपुरापर्यंत येता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत रमाबाई स्वतः गेल्या.

मननासाठी प्रश्न

१. शरणपुराबरोबर मार्गाचीही आज्ञा देवाने का दिली?
२. आपल्या गावातून मध्यरात्री निघालेली स्त्री प्रथम कोणाच्या दारी जाईल? ते दार उघडेल काय?
३. दाविदाने राग येऊनही काय केले नाही? आपली पंचकमिटी कोठे तशीच वागली?
४. इफिस ५ शिकविताना आपण पुरुषांस किती वचने वाचून दाखवितो?

ह्या आठवड्याचे काम

दोघांनी तालुक्यास जाऊन संरक्षण अधिकाऱ्यांचे ठिकाण, त्यांची वेळ व शेवटच्या गाडीची वेळ लिहून आणावी. रविवारी उपासनेत ११२ व १८१ हे आकडे मोठ्याने सांगावे, कोणाचेही नाव न घेता. ज्या भगिनी अद्याप कोणाशी बोलल्या नाहीत त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि आपले दार वाजेल तेव्हा प्रभूने आपणांस जागे ठेवावे, अशीही प्रार्थना करावी.