गाडी बदलण्याच्या मसलतीविषयी

पुणे, आश्विन शुद्ध अष्टमी

चि. बाळ यास,

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. आपली १९९० सालची लाल माझदा एमएक्स-५ विक्रेत्याच्या हवाली करून, वर फरकाची रक्कम भरून, २००७ सालची पोर्शे केमन एस घ्यावी की काय, या प्रश्नावर तू माझे मत विचारले आहेस, आणि 'मामा, तुमची उभी हयात मोटार वाहन खात्यात गेली, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगा' अशी पुस्तीही जोडली आहेस. गाड्यांची योग्यता तपासून दाखले देण्यात आणि अपघातात सापडलेल्या वाहनांचे अहवाल लिहिण्यात माझी नोकरी झाली हे खरे, आणि त्या नोकरीने मला एक शिरस्ता लावून दिला तो असा, की कोणत्याही गाडीविषयी मत देण्यापूर्वी ती कोणत्या रस्त्यावर, कोणाच्या हाती आणि कोणत्या कामी चालणार आहे याची चौकशी आधी करावी. तुझ्या पत्रात अश्वशक्तीचे आकडे आहेत, सेकंदांचे आहेत, कर्जाच्या हप्त्यांचेही आहेत. रस्त्याचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला आहे. सबब मी रस्त्यापासूनच आरंभ करतो.

सुटीच्या दिवशी तू मँचेस्टरहून बाहेर पडलास म्हणजे ज्या वाटेकडे तुझे मन धाव घेते ती वाट मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारी, आणि डोंगरमाथ्यावरील जुन्या खानावळीच्या नावाने 'कॅट अँड फिडल' म्हणून ओळखली जाणारी. मी तुझ्याकडे आलो असता त्याच वाटेने तू मला नेले होतेस. एकामागून एक उलगडणारी वळणे, कडेला दगडी गडगे, मोकळ्या माळावर चरणाऱ्या मेंढ्या, आणि ब्रिटनमधील अत्यंत धोकादायक रस्त्यांत त्या रस्त्याची गणना होऊ लागल्यामुळे घातलेली ताशी ५० मैलांची मर्यादा व दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजून ती मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहणारे कॅमेरे, हे सारे माझ्या चांगले लक्षात आहे. या रस्त्यावर दोन्ही गाड्या मनातल्या मनात उभ्या करून पाहा. तुझ्या गाडीचे १.६ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती देते आणि तिचे वजन एक टनाच्या आत आहे. केमन एसचे ३.४ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन २९५ अश्वशक्तीचे, वजन १,३४० किलो, आणि जागेवरून निघून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ५.४ सेकंदांत गाठते. आकड्यांपुरता वाद येथेच मिटला. परंतु केमनचे इंजिन दुसऱ्या गिअरात पुरते खुलले की काटा ताशी ७० मैलांच्या आसपास येऊन ठेपतो, आणि इंग्लंडच्या मोटरवेवरील कायद्याची कमाल मर्यादाही ७० मैलांचीच आहे. म्हणजे उरलेले चार गिअर त्या देशाच्या कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर पुऱ्या जोराने वापरण्याचा अधिकार मालकाला नाही. तुझ्या गाडीत तोच आकडा तिसऱ्या गिअरात, सहा हजार फेऱ्यांच्या आसपास येतो, आणि कॅट अँड फिडलवर पन्नास मैलांच्या आत राहूनही तुला गिअर, ब्रेक आणि स्टिअरिंग यांची सतत सांगड घालावी लागते. ज्या गाडीची शक्ती कायद्याच्या आणि शहाणपणाच्या कक्षेत पुरतेपणी खर्च होते ती चालविताना माणसाचे सारे कसब कामी येते. जिच्या शक्तीचा खरा प्रत्यय त्या कक्षेबाहेर सुरू होतो तिच्या मालकाला एक तर आपले कसब सदैव आवरून धरावे लागते, नाही तर कायदा मोडावा लागतो. तू कायदा मोडणारा नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच या व्यवहारात तुझ्या पदरी काय पडेल याविषयी मला शंका वाटते.

तुझी गाडी ज्यांनी निर्माण केली त्यांच्यापुढे वेग हा प्रश्नच नव्हता, ही गोष्ट तू विसरू नयेस. इंग्लंडातली एमजीबी १९८० साली बंद पडली आणि हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी हा प्रकारच जगातून नामशेष होतो की काय असे वाटत असताना तोशिहिको हिराई या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली माझदाच्या मंडळींनी १९६२ सालच्या लोटस एलानसारख्या गाड्यांचा आदर्श समोर ठेवून ती घडविली आणि १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे केले, इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवून दोन्ही आसांवरील भार जवळजवळ समान ठेवला, चारी चाकांना डबल विशबोनचे सस्पेन्शन दिले, आणि गिअरबॉक्स व मागचा डिफरन्शियल यांना एका अ‍ॅल्युमिनियमच्या तुळईने परस्परांशी जखडून टाकले. या शेवटच्या योजनेचे मला विशेष कौतुक वाटते, कारण तिच्यामुळे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडणे आणि मागच्या चाकांनी जोर धरणे यांच्यामधली ढिलाई नाहीशी झाली, आणि तू ज्याला 'गाडीला मनातले कळते' असे म्हणतोस ते पुष्कळसे या एका तुळईचे देणे आहे. गाडी आपल्याला प्रिय का आहे याची कारणे अशी लोखंडात आणि अ‍ॅल्युमिनियमात शोधता येतात, आणि ती शोधून पाहिल्यावाचून तिचा त्याग करू नये.

मी आलो होतो तेव्हा टप उतरविण्यापूर्वी तू आधी मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन काळजीने उघडून ती खिडकी सपाट निजविलीस, मग काचेच्या चौकटीवरच्या दोन्ही कड्या सोडल्यास आणि तेव्हाच कापड मागे दुमडलेस. घाईने टप तसाच पाडला तर ते प्लॅस्टिक दुमडून तडकते, असे तू मला समजावून सांगितलेस. इतक्या बारकाईने एखाद्या यंत्राची मर्जी राखणारा माणूस ते यंत्र मंदगती आहे म्हणून विटला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्या पत्रातील खरे कारण मला चौथ्या पानावर सापडले. औल्टन पार्कच्या ट्रॅकवर मित्रांसमवेत गेलास, तिथल्या सरळ पट्ट्यात त्यांच्या गाड्या एकापाठोपाठ एक तुला मागे टाकून गेल्या, आणि ते शल्य तू घरी घेऊन आलास.

त्या शल्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे. 'ट्रॅक डे', म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर चालविण्याचा दिवस, ही शर्यत नव्हे. पुढच्या चालकाने बाजू दिल्यावरच मागच्याने पुढे जावे असा तिथला सर्वसाधारण नियम आहे, घड्याळ लावून निकाल जाहीर करण्याची तिथे चालही नाही. सरळ पट्ट्यात जो पुढे गेला तो इंजिनाच्या जोरावर गेला, आणि ते इंजिन त्याने पैसे मोजून आणले. वळणाच्या आधी ब्रेक कोठे सोडावा, गाडीचा भार पुढून मागे कधी सरकू द्यावा, वळणाच्या कोणत्या बिंदूवर जोर द्यावा, हे ज्ञान मात्र विकत घेतलेल्या अश्वशक्तीबरोबर येत नाही. किंबहुना थोड्या शक्तीच्या गाडीत ते अधिक लवकर येते, कारण वळणात गमावलेला वेग पुढच्या पट्ट्यात भरून काढण्याची सोय तिच्यात नसते आणि प्रत्येक चूक चालकाला तत्क्षणी कळते. शिवाय हलकी गाडी टायर आणि ब्रेकपॅड कमी खाते, आणि ट्रॅकवर झालेल्या नुकसानीची भरपाई साधारण विमा देत नाही, या दोन गोष्टी महागड्या गाडीच्या मालकाला त्या पट्ट्यात मोकळ्या मनाने चालवू देत नाहीत. तुला पुढे जाणाऱ्यांची असूया वाटत असेल तर तिथल्या एखाद्या जाणत्या शिक्षकाला शेजारी बसवून एक दिवस शिकून घे. ती विद्या तुझ्यापाशी कायमची राहील, आणि पुढे जी गाडी घेशील तिलाही उपयोगी पडेल.

वेगाची सवय किती लवकर होते हेही ध्यानात घे. माणसाला वेग जाणवतो तो काट्यावरून नव्हे, तर जमिनीपासूनच्या अंतरावरून, वाऱ्यावरून, इंजिनाच्या स्वरावरून आणि पाठीला बसणाऱ्या रेट्यावरून. रेट्याची नवलाई थोड्याच महिन्यांत ओसरते, आणि मग तोच माणूस तीनशेंच्या जागी चारशे अश्वशक्तीची जाहिरात चाळू लागतो. तुझ्या वयाच्या कित्येकांना मी या चढणीवर पाहिले आहे.

आता पैशाविषयी. जुन्या गाडीच्या बदल्यात विक्रेता जी रक्कम धरतो ती आपण स्वतः गिऱ्हाईक पाहून विकल्यास येणाऱ्या रकमेहून बहुधा कमी असते, हे तुला मी सांगावयास नको. न दिसणारी गोष्ट अशी, की महाग गाडी जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची आणि कारागिराच्या मजुरीची किंमत उतरत नाही. तू आज मध्यम किमतीत केमन घेशील, पण तिचा प्रत्येक ब्रेक आणि क्लच तुला मूळच्या श्रीमंत मालकाच्या दराने भरावा लागेल. त्यातून तू जो काळ निवडला आहेस त्या काळच्या ३.४ लिटरच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींना ओरखडे पडण्याचा विकार जाणत्यांना परिचित आहे, आणि त्यातील इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग बदलावयाचे झाल्यास सबंध इंजिन उकलावे लागते. २००९ सालापासूनच्या इंजिनात तो शाफ्टच ठेवला नाही. एवढे सांगूनही तुझे मन त्या गाडीवरून हटले नाहीच, तर सिलिंडरांची आतून बोअरस्कोपने तपासणी करून घेतल्यावाचून आणि नोंदणी क्रमांकावरून तिच्या एमओटीचा पूर्वेतिहास पाहिल्यावाचून कागदावर सही करू नकोस. प्रत्येक वाहनाच्या वार्षिक तपासणीचा निकाल आणि त्यावरील निरीक्षकाचे शेरे कोणाही नागरिकाला पाहावयास खुले ठेवण्याची तिथली पद्धत मला फार मोलाची वाटते, आणि विक्रेत्याच्या तोंडच्या शब्दापेक्षा त्या शेऱ्यांवर माझा अधिक भरवसा आहे.

एका कारणासाठी मात्र मी गाडी बदलावयास तत्काळ होकार दिला असता. तुझ्या गाडीला ना एअरबॅग आहे, ना एबीएस, आणि आजच्या उंच, जड वाहनांच्या गर्दीत ती फार ठेंगणी आहे. अपघातस्थळी ब्रेकचे ठसे टेपने मोजण्यात मी बराच काळ घालविला आहे, म्हणून ब्रिटिश हायवे कोडमधील आकडे मला नुसते आकडे वाटत नाहीत: ताशी ६० मैलांवरून थांबावयास ७३ मीटर लागतात, ७० वरून ९६. दहा मैल वाढले आणि तेवीस मीटर अधिक लागले. चांगले ब्रेक यातला काही भाग कमी करतील. पण संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जे अंतर कापले जाते ते कोणत्याही कारखान्याला कमी करता येत नाही. तू सुरक्षिततेसाठी गाडी बदलतो आहेस असे लिहिले असतेस तर मी चार दारांची, साधी, नवी गाडी सुचविली असती आणि जुनी विकावयासही हरकत घेतली नसती. रोज कामावर जाण्यासाठी तू आगगाडी वापरतोस आणि ही लाल गाडी फक्त सुटीच्या दिवशी काढतोस, म्हणून तो प्रश्न आज तुझ्यापुढे तितका निकडीचा नाही. घरात मूल आले म्हणजे तो निकडीचा होईल, आणि त्या दिवशी केमनच्याही दोनच आसनांचा तुला उपयोग होणार नाही.

तेव्हा माझे मत असे, की तुझी गाडी विकू नये. फरकाची जी रक्कम तू बाजूला काढली आहेस तिच्या अल्प भागात ती गाडी पुष्कळशी नवी होईल. पस्तीस वर्षांत सस्पेन्शनचे रबरी बुश कडक होऊन चिरतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मेलेले असतात, आणि ते इतक्या हळूहळू मरतात की रोज चालविणाऱ्याला कळतही नाही. गाडी मंद झाली असे जे तुला वाटते त्यातला बराच अंश या ढिलाईचा असावा असा माझा कयास आहे. बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदल, चारी टायर एकाच जातीचे चांगले घाल, चाकांचे अलाइनमेंट जाणत्या कारागिराकडून करून घे. सर्वांआधी दरवाज्यांखालचे सिल पाहा. टपावरचे पाणी आसनांमागच्या निचऱ्याच्या नळ्यांतून खाली जाते; त्या नळ्या पाने-मातीने तुंबल्या म्हणजे पाणी सिलमध्ये साचते, आणि बाहेरचा रंग शाबूत असताना आतला पत्रा गंजून जातो. इंजिनाचा दोष या गाड्यांना क्वचितच मारतो. मारतो तो गंज, आणि त्यामुळेच धड पत्र्याच्या गाड्या वर्षागणिक विरळ होत चालल्या आहेत. तू विकलीस तर तशी दुसरी पुढे मिळणे कठीण आहे.

तुझ्याकडे आता थंडी सुरू होईल आणि चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतले मीठ रस्त्यांवर पसरू लागेल. त्यापूर्वी गाडी जॅकवर चढवून त्या नळ्या मोकळ्या करून घे, सिल कोणाला तरी नीट ठोकून पाहावयास सांग, आणि काय आढळले ते मला तपशीलवार कळव. विक्रेत्याला अद्याप बयाणा दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर तो परत मिळण्याची मुदत कोणती आहे हे आजच कागदावर वाचून पाहा.

तुझ्या आईची प्रकृती ठीक आहे.

तुझा,
मामा