सायकल, मुले आणि कायदा

सायकलवरून पडलेल्या मुलाचे खरचटलेले गुडघे आठवड्यात भरून येतात. मोडलेला हातही सांधतो. मेंदूला झालेली इजा मात्र जन्मभर सोबत करू शकते. या जाणिवेतूनच ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून लहानथोर सर्व सायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. (मराठीत ‘हेल्मेट’ हा शब्द आता रुळला आहे, पुढे तोच वापरला आहे.) असा सर्वांना लागू होणारा कायदा जगात प्रथमच होत होता.

तो अचानक आला नव्हता. आधी कित्येक वर्षे शाळांतून प्रचार चालला होता, हेल्मेटच्या खरेदीवर सवलतही दिली जात होती. तरी मार्च १९९० मध्ये हेल्मेट घालणारे शेकडा ३१ च होते. वर्षभरात ते शेकडा ७५ झाले आणि डोक्याच्या इजाही घटल्या.

येथे वाचकाने निष्कर्षाची घाई करू नये. मेलबर्नमध्ये केलेल्या मोजणीत किशोरवयीन सायकलस्वारांची संख्याच शेकडा ४० हून अधिक घटलेली आढळली. म्हणजे अनेकांनी हेल्मेट घेण्याऐवजी सायकलच सोडली असावी. मग इजा घटल्या त्यांत हेल्मेटचा वाटा किती आणि ओस पडलेल्या सायकलींचा किती? अभ्यासकांचा हा वाद अजून मिटलेला नाही.

स्वीडनने २००५ मध्ये निराळी वाट धरली. तेथे सक्ती १५ वर्षांखालील मुलांपुरतीच आहे. पण त्या वयाच्या मुलाला कायद्याने शिक्षा करता येत नाही. दंड होतो तो बिनहेल्मेटच्या मुलाला आपल्या सायकलवर बसवून नेणाऱ्या मोठ्या माणसाला.