लेकराची पहिली रायफल: पैसे कुठे घालावेत

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात शाळेत पोरांना दुसरा विषय नसतो. मग एखाद्या वर्षी आपल्याही घरी विचारणा होते, ‘बाबा, मी जाऊ का?’ इथल्या बहुतेक मराठी आईवडिलांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नसते. त्यामुळे शेजारी सांगेल ते दुकान आणि दुकानदार काढून देईल ती रायफल, असा मामला होतो. माझं म्हणणं साधं आहे. एकूण खर्चातले निम्म्याहून कमी पैसे रायफलीवर घाला. उरलेले सरावावर, कानांवर आणि कुलपावर जाऊ द्या.

पण पैशांच्या आधी व्हिसा. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एक: अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकारपरवाना. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. भारतात जन्मलेलं मूल एच-फोरवर असेल तर त्यालाही हाच नियम लागू होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणखी एक खाच आहे. विस्कॉन्सिनचा वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो. तो संपला, नवा काढला नाही आणि रायफल घरातच राहिली, तर तो फेडरल गुन्हा ठरू शकतो आणि पुढे ग्रीनकार्डही अडकू शकतं. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इमिग्रेशन वकिलाची एक तासाची फी या हिशोबात आधीच धरा. तिथे काटकसर नको.

परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो सक्तीचा आहे, म्हणजे बहुधा तुम्हालाही. फी अवघी १० डॉलर. लेकरासोबत तुम्हीही बसा. उन्हाळ्यातच नाव घाला, कारण हंगाम जवळ आला की वर्ग भरतात. इथे राहणाऱ्या प्रौढाचा हरणाच्या शिकारीचा परवाना २४ डॉलरला पडतो. रायफल कायद्याने तुमच्याच नावाने घ्यावी लागते, कारण परवानाधारक दुकानदार अठरा वर्षांखालच्याला ती विकू शकत नाही. फॉर्म तुम्ही भरायचा, पार्श्वभूमीची तपासणीही तुमचीच. आपल्या मुलासाठी भेट म्हणून घेणं कायदेशीर आहे.

आता काडतूस. दुकानात गेल्यावर .३०-०६ आणि .३०८ ही नावं सगळ्यात आधी कानावर येतील. दोन्ही उत्तम आहेत, पण बारा-तेरा वर्षांच्या खांद्यासाठी नाहीत. .२४३ विंचेस्टर हे १९५५ साली आलेलं काडतूस .३०-०६ च्या साधारण निम्मा धक्का देतं, आणि इथल्या जंगलात शंभर यार्डांच्या आतल्या हरणाला ते पुरेसं आहे. मूल जरा थोराड असेल, किंवा हीच रायफल पुढे वीस वर्षं वापरायची असेल, तर ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमोर घ्या. त्यांचा धक्का .२४३ आणि .३०-०६ यांच्या मधला. .२४३ घेताना डब्यावरचा आकडा मात्र नीट वाचा. ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्या कोल्ह्या-कोयोटींसाठी असतात. त्या हरणाच्या खांद्यावर फुटून जातात आणि जनावर जखमी होऊन पळतं. हरणासाठी ९५-१०० ग्रेनची, डब्यावर हरणाचं चित्र असलेली गोळी हवी.

‘यूथ मॉडेल’ या पाटीला भुलू नका. आखूड दस्ता चांगलाच, पण अशा रायफली बऱ्याचदा हलक्याही असतात, आणि रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का खांद्याला जास्त लागतो. सहा पौंडांची .३०८ पोराच्या हातात देण्यापेक्षा सात-साडेसात पौंडांची .२४३ द्या. रूगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पॅट्रियट यांच्या आखूड दस्त्याच्या बोल्ट-ॲक्शन रायफली ४५० ते ६०० डॉलरच्या आसपास मिळतात. मॉसबर्गच्या सुपर बँटमच्या दस्त्याला एक इंचाचा तुकडा जोडता येतो, त्यामुळे मूल उंच झालं की दस्ताही लांब होतो. वाढत्या वयासाठी मला ही सोय फार शहाणपणाची वाटते.

माप दुकानातच घ्या, आणि मुलाला नोव्हेंबरचं जाड जॅकेट घालून घेऊन जा. ऑगस्टमध्ये टी-शर्टवर बरोबर बसलेली रायफल थंडीत लांब होते. मोठ्यांच्या दस्त्याची चापापर्यंतची लांबी पावणेचौदा इंचांच्या आसपास असते. लहानांना साडेबारा किंवा त्याहून कमी लागते. रायफल रिकामी आहे हे दुकानदारासोबत स्वतः पाहा, मग मुलाला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगा आणि डोळे उघडायला सांगा. मान न ताणता दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली दिसत असेल तर दस्ता लांब आहे. कमरेतून मागे झुकून रायफल पेलावी लागत असेल तर ती जड आहे. त्याच वेळी डोळाही तपासा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमधल्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला सांगा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या पोरांमध्येही तो कधी कधी डावा निघतो, आणि मग डाव्या खांद्यावरून शिकवावं की नाही हे प्रशिक्षकाला विचारूनच रायफल घ्यावी.

बराचसा खर्च रायफलीबाहेर आहे. पहिले काही महिने हरणाची रायफल बाजूला ठेवा आणि .२२ वर शिकवा. तिचं काडतूस दहा सेंटच्या आसपास पडतं, आवाज कमी, धक्का नगण्य. हरणावर ती चालवायची नाही, ते इथे बेकायदा आहे. पण श्वास धरणं, चाप हळू दाबणं, बार झाल्यावरही नेम न सोडणं, हे सगळं तिच्यावरच बसतं. .२४३ चा वीस काडतुसांचा डबा ३० ते ४५ डॉलर, म्हणजे एक बार दीड-दोन डॉलरचा. असे पाच डबे पहिल्या हंगामाआधी धरा, पण एका बैठकीत दहा-बारापेक्षा जास्त बार नको.

धक्क्याची भीती मूल तोंडाने सांगत नाही. ती ओळखायची रीत रेंजवरचे जुने प्रशिक्षक दाखवतात. खऱ्या काडतुसांत एक खोटं, दारू नसलेलं काडतूस मिसळून मुलाच्या नकळत भरायचं. त्याच्या पाळीला चाप दाबला की नुसती ‘टिक्’ होते, आणि त्या क्षणी सगळं उघड होतं. न घाबरणाऱ्या मुलाची नळी जागची हलत नाही. घाबरणाऱ्याची बोटभर खाली झुकते, डोळे घट्ट मिटतात, खांदा पुढे येतो. ही सवय घेऊन जंगलात गेलेलं मूल हरणाच्या पोटात गोळी घालतं, आणि ते जनावर तासन्‌तास तडफडतं. असं दिसलं की त्या दिवशी सराव थांबवा आणि पुन्हा .२२ हातात द्या. हंगाम हुकला तरी चालेल.

कानांना काहीही स्वस्तातलं बांधू नका. आतून फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही हवेत. आखूड नळीच्या रायफलीचा आवाज जास्त कर्कश असतो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. इलेक्ट्रॉनिक इअरमफ आणि चष्मे मिळून दोघांचे ८० ते १२० डॉलर. दुर्बीण तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, साधीच घ्या. ती आणि तिचे माउंट दोनशे ते तीनशेत बसतात. रायफल ठेवायचं पोलादी कपाट दीडशे ते अडीचशे. काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या फक्त मोठ्यांकडे. भरलेली बंदूक चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी ठेवणं इथे गुन्हा ठरू शकतं, पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. शिकारीत घालायच्या नारिंगी जाकीट-टोप्या चाळीस ते साठ. चमकदार गुलाबी रंगही २०१६ पासून चालतो.

सगळं धरून ११०० ते १६०० डॉलर होतात. .२२ उसनी न मिळता विकत घ्यावी लागली, तर काडतुसांसकट आणखी अडीचशे ते साडेतीनशे. कमी करायचं असेल तर रायफल जुनी घ्या, पण ती बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून. रेमिंग्टन ७०० असेल तर आधी सिरीयल नंबर बघा. २००६ ते एप्रिल २०१४ मध्ये बनलेल्या, एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या, कारण चाप न ओढताही बार होण्याचा धोका होता.

हरीण मिळालंच तर ते कापून, पाकिटं करून देणारा शंभर-दीडशे डॉलर घेतो. हरणांना होणाऱ्या सीडब्ल्यूडी या रोगाची तपासणी राज्याचा निसर्गसंपदा विभाग फुकट करतो. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवा, आणि रोग निघाला तर खाऊ नका. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई खिमा खाणार असेल तर तांब्याची गोळी घ्या. डब्यामागे दहा-पंधरा डॉलर जास्त जातात, पण ते जाऊ द्या.

आणि डिसेंबरात पुण्या-मुंबईला निघण्याआधी शिकारीला नेलेली प्रत्येक बॅग, प्रत्येक जॅकेटचा खिसा उलटा करून झटका. भारतातल्या विमानतळावर एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. शिकारीची बॅग वेगळी ठेवा, आणि ती प्रवासाला कधीच वापरू नका.