वनस्पतिज औषधें आणि पांढरे उंदीर

आसेगांवासारख्या वऱ्हाडांतील गांवीं कोणास ताप आला कीं गुळवेलीच्या काढ्याची आठवण होते. झाडपाल्याचें औषध, गुण न आला तरी अपाय खास होणार नाहीं, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें आपण एका उदाहरणावरून पाहूं.

सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यकांत पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांस तिचें औषध देऊन आपले अनुभव १९४९ सालीं विलायतेंतील एका नियतकालिकांत प्रसिद्ध केले. पुढें १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील शास्त्रज्ञांनीं तिच्या मुळीतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें. रक्तदाब उतरविण्याचा गुण मुख्यतः ह्याच द्रव्याचा होय.

परंतु गुण सिद्ध झाला म्हणजे निर्धोकपणा सिद्ध झाला असें नव्हे. त्यासाठीं निराळी परीक्षा लागते. एकाच जातीच्या व सारख्या वयाच्या पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एका गटास नुसतें अन्न देतात, इतरांस औषधाची कमीअधिक मात्रा देतात. प्रत्येकाचें वजन, खाणें व हालचाल टिपून ठेवतात, आणि शेवटीं यकृत, मूत्रपिंड इत्यादि अवयव सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. औषध न दिलेला गट नसेल, तर दिसलेला विकार औषधाचा कीं म्हातारपणाचा, हें कळणार नाहीं.

रेसर्पीनच्या अशा एका परीक्षेचा वृत्तांत अमेरिकेंत १९८२ सालीं निघाला. अन्नाच्या १० लक्ष भागांत ५ किंवा १० भाग रेसर्पीन मिसळून तें उंदरांस सुमारें २ वर्षें चारलें होतें. प्रत्येक गटांत ५० नर व ५० माद्या होत्या. मूत्रपिंडावरील ग्रंथींत अर्बुदें होण्याचें प्रमाण नरांत वाढलें. माद्यांत मात्र वाढलें नाहीं. एवढ्यावरून मनुष्यासहि तसेंच होईल असें ठरत नाहीं. परंतु सावध राहण्यास तें पुरेसें कारण आहे.

ह्या ज्ञानाची किंमत मुके जीव देतात. म्हणूनच त्यांस विनाकारण यातना होऊं नयेत, यासाठीं भारतांत १९६० सालच्या कायद्यानें अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली आहे.

वनस्पति ही निसर्गाची देणगी खरी. पण धोत्राहि निसर्गच देतो. तेव्हां विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं काढाहि औषधच मानावा, मात्रा जाणकारास विचारूनच घ्यावी, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर घरचें औषध त्यांच्यापासून लपवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.