वांब तिसऱ्या सेटच्या आधीच आलेला असतो

राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघालेल्या कॉलेजच्या टेनिसपटूला जे सल्ले मिळतात ते बहुतेक कमरेच्या वरचे असतात. सर्व्हिस खोल टाक, समोरच्याच्या बॅकहँडवर खेळ, डोकं शांत ठेव. मला सांगायचं आहे ते गुडघ्याच्या खालचं आहे. हातातला सामना पोटरीतल्या वांबानं जातो म्हणजे काय होतं, हे मी सोसलेलं आहे. तो सामना इथे सांगत बसत नाही. गोळ्यानं गेलेले सगळे सामने सारखेच असतात आणि माझी कहाणी ऐकून दुसऱ्याचा पाय वाचणार नाही. पण त्यानंतर वाचून, विचारून, डोळे उघडे ठेवून जे समजलं ते वाचवू शकेल. माझं म्हणणं असं, की वांब तिसऱ्या सेटमध्ये दिसतो खरा, पण तो तयार होतो आधीच्या तीन आठवड्यांत. त्याला नशीब म्हणून सोडून देणं आणि त्यावर जिद्दीचा इलाज शोधणं, या दोन्ही चुका आहेत.

आधी नियम बघा, कारण बरेच खेळाडू तो कोर्टवर आडवे पडल्यावर शिकतात. दुखापत झाली तर खेळाडूला उपचारासाठी वेगळा वेळ मागता येतो. वांबासाठी मागता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वांब हा शरीराच्या तयारीचा प्रश्न धरला जातो, आणि दम परत मिळवायला जादा वेळ द्यायचा नाही हे टेनिसचं जुनं तत्त्व आहे. त्यामुळे पाय चोळून घ्यायचा तो बाजू बदलतानाच्या 90 सेकंदांत किंवा सेट संपल्यावरच्या 120 सेकंदांत, तोही सगळ्या सामन्यात दोनच वेळा. एरवी दोन गुणांच्या मधले 25 सेकंद तेवढे तुमचे. बाजू बदलेपर्यंत थांबवत नसेल, तर मधले गुण किंवा अख्खा गेम सोडून द्यावा लागतो. 2023 च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात कार्लोस अल्काराझवर हीच वेळ आली. जोकोविचविरुद्ध एकेक सेट झालेला, तिसऱ्यात 1-1, सामना रंगात आलेला, आणि पाय धरला. त्याला पुढचा गेम न खेळता द्यावा लागला. शेवटी धावफलक होता 6-3, 5-7, 6-1, 6-1. वीस वर्षांचा, जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, हाताशी उत्तमातली उत्तम माणसं, आणि तरीही उरलेल्या दोन सेटमध्ये दोनच गेम. आपल्या विद्यापीठाच्या संघाबरोबर तर बहुतेक वेळा फिजिओही नसतो. एक संघव्यवस्थापक, एक बर्फाचा डबा आणि स्प्रेची बाटली.

वांब येण्याआधी खुणा करतो, आणि त्या ओळखता यायला हव्यात. बाजू बदलताना खुर्चीवर बसलात, पाय सैल सोडला, तर पोटरीच्या कातडीखाली बारीक फडफड दिसते, आत मुंग्यांची रांग चालल्यासारखी. बाटलीचं झाकण फिरवताना करंगळीशेजारचं बोट आपोआप आत वळतं आणि दुसऱ्या हातानं सरळ करावं लागतं. मग सर्व्हिससाठी चवड्यावर उठताना एकदाच चमक येते आणि जाते. इथे बहुतेक जण पाय झटकतात, गटागटा पाणी पितात आणि खेळत राहतात. चवडा खाली ताणला की पोटरीचा स्नायू आखडलेल्या अवस्थेत असतो, आणि थकलेला स्नायू आखडलेल्या अवस्थेतच पकडला जातो. सर्व्हिस म्हणजे नेमकी तीच हालचाल, सामन्यात शंभरदा.

स्नायू असा का पकडला जातो याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही समजून घेतल्याशिवाय तयारी नीट होत नाही. जुनं मत घामाचं: पाणी आणि मीठ गेलं, म्हणून वांब आला. दुसरं मत 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्टिन श्वेलनस यांनी ठामपणे मांडलं: स्नायू त्याच्या सवयीपलीकडे थकला, की आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा जोर वाढतो आणि त्याला आवर घालणाऱ्या संदेशांचा जोर कमी होतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या रक्तचाचण्यांत वांब आलेले आणि न आलेले यांच्या पाण्यामिठात फारसा फरक सापडला नाही. हे दुसऱ्या मताच्या बाजूनं जातं. 2010 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. पायाच्या अंगठ्याच्या स्नायूला विजेचे झटके देऊन मुद्दाम गोळा आणला आणि माणसांना लोणच्याचं आंबट खारं पाणी प्यायला दिलं. साध्या पाण्यापेक्षा गोळा लवकर सुटला, तोही ते मीठ रक्तात पोचण्याच्या आत. म्हणजे मिठानं नव्हे, तर घशाला बसलेल्या आंबट झटक्यानं मज्जातंतूंना आवर बसला असावा. उलट बाजूला टेनिसपटूंचीच नोंदलेली उदाहरणं आहेत: उन्हात तासाला दोन लिटरहून जास्त घाम गाळणारे, घामात मीठही भरपूर, आणि मिठाचं प्रमाण वाढवल्यावर ज्यांचा त्रास थांबला असे. माझं मत विचाराल तर टेनिसमध्ये दोन्ही कारणं हातात हात घालून येतात, पण थकवा पुढे असतो. म्हणून नुसत्या बाटलीवर भरवसा ठेवणारा खेळाडू अर्धीच तयारी करून जातो.

कॉलेजच्या मुलामुलींचं नेमकं इथे चुकतं. सराव सकाळी सहा ते साडेसात, कारण पुढे लेक्चर आणि हजेरी. पहिला अर्धा तास रॅलीत, मग थोडी सर्व्हिस, वेळ उरला तर एक सेट. महिनोन् महिने पायांना एवढंच माहीत असतं: गार हवेत दीड तास. मग स्पर्धेत एकाच दिवशी आधी एकेरी, तासाभरानं दुहेरी, दोन्ही उन्हात. 2023 ची खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा उत्तर प्रदेशात मे महिन्याच्या अखेरीला झाली. त्या दिवसांतली तिथली दुपार डोळ्यांपुढे आणा. पुण्याच्या सकाळी घडलेले पाय तिथे तिसऱ्या तासाला काय करतील? मुंबई-कोकणातल्या खेळाडूला दमट हवेची सवय असते पण कोरड्या उन्हाची नसते, नागपूरकराचं उलट. दमट गावात घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे अंग निवत नाही आणि शरीर आणखी घाम काढतं. त्यात अनारक्षित डब्यातला किंवा बसमधला रात्रभराचा प्रवास, पाय दुमडलेले, स्वच्छतागृहाच्या भीतीनं पाणी कमी प्यायलेलं. सकाळी ड्रॉ लागतो तेव्हाच वांब निम्म्या वाटेवर असतो.

म्हणून निघण्याआधी तीन आठवडे सरावाचा आकार बदला. आठवड्यातून दोनदा पूर्ण तीन सेट आणि त्यावर तासाभराच्या विश्रांतीनंतर आणखी दीड सेट खेळा. बाकीचे दिवस नेहमीसारखे. शेवटचे दहा ते चौदा दिवस रोज तासभर तरी उन्हाच्या वेळी अंग हलवा. एवढ्या दिवसांत शरीर बदलतं: रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. सवय मोडली तर हा फायदा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतल्या सरावावर जानेवारीत विसंबू नका. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश खाली नेण्याचा व्यायाम करा, ताण सोसत स्नायू लांबवायला शिकवणारा.

यावर पहिला आक्षेप येतो तो मायकेल चँगच्या नावानं. 1989 मध्ये पॅरिसला सतरा वर्षांचा हा मुलगा अव्वल मानांकित लेंडलविरुद्ध दोन सेट हरलेला, मग वांबानं वाकडा झालेला, खालून सर्व्हिस टाकून, उंच चेंडू मारून जिंकला. मग जिद्द पुरते की नाही? मलाही तो सामना प्रिय आहे. पण चँगचा पाय चौथ्या सेटमध्ये धरला गेला, म्हणजे त्याच्या पायांत तीन सेट निभावून नेण्याची ताकद आधीच भरलेली होती. शिवाय समोरचा लेंडल गोंधळला. आपला प्रतिस्पर्धी गोंधळेल या आशेवर कुणी तयारी करत नाही. जिद्द कुठे कामाला येते याचं चांगलं उदाहरण मला सोमदेव देववर्मनचं वाटतं. 2007 च्या अमेरिकी विद्यापीठ स्पर्धेच्या, म्हणजे एनसीएएच्या, अंतिम सामन्यात जॉर्जियातल्या अथेन्सला त्यानं जॉन इस्नरला इस्नरच्याच विद्यापीठाच्या कोर्टवर हरवलं: 7-6, 4-6, 7-6. चौसष्टच्या ड्रॉमधला तो सहावा सामना, समोर पावणेसात फुटांहून उंच माणूस, मे महिना, आणि निकाल तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. तिथे जिद्द दाखवायला पाय शिल्लक होते. पुढच्या वर्षी त्यानं ते विजेतेपद राखलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अल्काराझनं स्वतःच सांगितलं की पाय धरला तो सामन्याच्या तणावामुळे, मग हा मनाचा प्रश्न नाही का? आहेच. तणावात खांदा, जबडा, मांडी नकळत आवळलेली राहते, श्वास वर वर चालतो आणि दोन तासांचा थकवा तासाभरात येतो. पण कॉलेजच्या खेळाडूचा बराचसा तणाव अनोळखीपणातून येतो. तिसऱ्या तासाला आपलं शरीर कसं वागतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती एक भीती तरी कमी. मनाची तयारी म्हणून डोळे मिटून जिंकल्याचं चित्र बघण्यापेक्षा उन्हात पाचवा सेट खेळलेला असणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

केळ्याबद्दल थोडक्यात. केळं जरूर खा, ऊर्जा मिळते. पण घामातून पोटॅशियम कमी जातं आणि सोडियम खूप जातं, आणि केळ्यात सोडियम जवळजवळ नाही. साधं पाणी पीत राहणं तर धोक्याचंही ठरतं; रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं दुखणं, मळमळ आणि त्याहून वाईट घडू शकतं. आपला घाम किती जातो हे मोजायला वजनकाटा पुरतो. तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कोरड्या कपड्यांत वजन करा. कमी झालेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर, त्यात मध्ये प्यायलेलं मिळवा. गडद टोपी वाळल्यावर तिच्या कडेला पांढरी जाड रेघ उमटत असेल, तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. पोट तासाला जेमतेम सव्वा लिटर पाणी पुढे सरकवतं, म्हणून दोन लिटर गाळणारा खेळाडू सामना चालू असताना तूट भरून काढू शकत नाही. त्यानं आदल्या संध्याकाळपासूनच सुरुवात करायला हवी. औषधाच्या दुकानातली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी, ज्यात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ असतं, ती यासाठी सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची. गोड पेयांच्या खोक्यावर ओआरएस छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ते बरं झालं. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

उन्हातला सराव धोक्याचा आहे, असं पालक म्हणतात तेव्हा ते बरोबर असतात. म्हणून तो एकट्यानं कधीच करायचा नाही, वेळ हळूहळू वाढवायचा आणि गरगरलं, बोलणं अडखळलं, अंगावर काटा आला की त्याच क्षणी सावलीत जाऊन थंड पाणी अंगावर घ्यायचं. वांब आणि उष्माघात वेगळे आहेत. पहिल्यानं सामना जातो, दुसऱ्यानं जीव जाऊ शकतो. आणि 'आंतरविद्यापीठला एवढं कशाला' असं ज्यांना वाटतं, त्यांना एवढंच सांगेन की जागतिक विद्यापीठ स्पर्धेला भारताचा संघ याच वाटेनं, भारतीय विद्यापीठ संघामार्फत जातो. 1979 मध्ये मेक्सिको सिटीत पुण्याच्या नंदन बाळ यांनी एकेरीचं रौप्य आणलं, त्यानंतर टेनिसचं वैयक्तिक पदक यायला 2025 उजाडलं, आणि ते कांस्य पुण्याच्याच वैष्णवी आडकरनं जर्मनीत मिळवलं. वाट खरी आहे. तिच्यावर चालायला तीन आठवड्यांची दुपार मागितली जाते, आणि हजेरीत तेवढी सवलत मिळावी म्हणून विभागप्रमुखांकडे वेळेत अर्ज द्यायला लाजू नका.

शेवटचं काम पहिल्या दिवसाच्या रात्रीचं आहे आणि ते बहुतेक जण टाळतात. खोलीवर आल्यावर वजन बघा. सकाळपेक्षा दीड किलो कमी असेल तर जेवणात ताकात मीठ वाढवा, वरणभात पोटभर घ्या, झोपेपर्यंत थोडं थोडं पीत राहा. पोटरीत बोटं रोवून बघा. सुपारीएवढी गाठ हाताला लागली आणि दाबल्यावर सुटली नाही, तर तसंच उठून कर्णधाराच्या खोलीवर जा आणि उद्याच्या दुहेरीत दुसरं कुणी उतरवायला सांगा. रात्री सांगितलं तर तो संघ बदलू शकतो. सकाळी नावं दिल्यानंतर नाही.