साखर संपली, हप्ता उरला

हप्तेबंदीने खरेदी हा भाग मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात दोनदा वाचला होता. तो समजला मात्र गेल्या दिवाळीनंतर.

वडिलांच्या नावावर हप्त्याचे कार्ड होते. ‘शिकवण्यांच्या पैशांतून दरमहा मी भरीन’ असे सांगून मी त्यावर आधी मोबाईल घेतला, मग बूट, आणि शेवटी फराळाचा किराणाही सहा हप्त्यांत आणला. चकल्या आठवड्यात संपल्या. हप्ते चैत्रापर्यंत चालले. माघात शिकवणीचे पैसे लांबले, खाते रिकामे राहिले आणि हप्ता परत गेला. बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा. वडिलांनी तो माझ्या परीक्षा फीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरला. ते एक शब्दही बोलले नाहीत. तेच मला अधिक लागले.

उधारी आपल्याला नवी नाही. पण वाण्याची वही आणि कार्ड यांत फरक आहे. बाकी वाढली की वाणी टोकतो. कार्ड कधी टोकत नाही. मर्यादा संपेपर्यंत ते ‘हो’च म्हणते.

आता व्याजाचा हिशेब पाहू. १२,००० रुपयांच्या वस्तूला १,१०० रुपयांचे १२ हप्ते पडले, तर आपण १३,२०० रुपये भरतो. विक्रेता म्हणतो, व्याज फक्त १० टक्के! परंतु दरमहा मुद्दल फिटत जाते. वर्षभर आपल्याकडे सरासरी ६,५०० रुपयेच राहतात. त्यावर १,२०० रुपये व्याज, म्हणजे दर सुमारे १८ टक्के झाला. ‘शून्य टक्के’ योजनेतही खर्च कुठेतरी दडलेला असतो: प्रक्रिया शुल्कात, किंवा रोखीने मिळणारी सूट गमावण्यात. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ कर्जांसोबत सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर सांगणारे पत्रक देणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ते मागून वाचावे.

म्हणजे कार्ड वाईट का? नाही. शिलाई यंत्र किंवा अभ्यासाचा संगणक हप्त्याने घेण्यात गैर काही नाही. हप्ते फिटल्यावरही ती वस्तू कामाला येते. म्हणून मी तीन नियम केले आहेत. हप्ते संपण्याआधी जी वस्तू संपेल, ती रोखीनेच घ्यायची. एक हप्ता फिटल्याशिवाय दुसरा सुरू करायचा नाही. आणि एका हप्त्याइतकी रक्कम खात्यात नेहमी शिल्लक ठेवायची. हप्ता चुकला तर त्याची नोंद पतमाहिती कंपनीकडे जाते, आणि उद्या शैक्षणिक कर्ज मागताना तीच आड येते.

मित्रहो, कार्ड आपल्याला पैसे देत नाही. ते आपल्याच पुढच्या महिन्यांची कमाई आज खर्चायला देते. त्या महिन्यांतही आपल्याला जेवायचे असते, फी भरायची असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.