आट्यांची विद्या

विद्यालयाच्या कार्यशाळेत मुले कानस आणि डाय हाती घेतात, हे पाहून काही पालकांच्या कपाळावर आठी उमटते. "आमच्या बापजाद्यांनी जन्मभर अंगमेहनतच केली. पोराला वसतिगृहात ठेवले ते पुस्तकासाठी, हातोड्यासाठी नव्हे," असे ते बोलून दाखवतात. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्या समाजाच्या माथी श्रम जन्माने मारले गेले, त्याने श्रमाकडे संशयाने पाहावे यात नवल नाही. तथापि लादलेले काम आणि शिकून आत्मसात केलेली विद्या यांत जे अंतर आहे, ते एका साध्या बोल्टच्या इतिहासातूनही दाखवता येईल असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेख.

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कडा पेन्सिलीवर चढत जाणारी वेटोळी रेषा काढते. बोल्टवरचा आटा म्हणजे हीच रेषा, लोखंडात कोरलेली. एका फेऱ्यात बोल्ट जेवढा पुढे सरकतो त्या अंतराला पिच म्हणतात. १० मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टचा पिच १.५ मिलिमीटर असतो. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या पान्याने तो आवळताना हात सुमारे ९४ सेंटिमीटरचा वळसा घेतो आणि बोल्ट जेमतेम दीड मिलिमीटर सरकतो. हाताचे बळ हिशेबाने सहाशेपटींहून अधिक वाढते. त्यातले पुष्कळसे घर्षणात खर्ची पडते हे खरे; परंतु तेच घर्षण आवळलेला बोल्ट उलटा फिरू देत नाही. आमच्या जुन्या मराठी ग्रंथांत यालाच मळसूत्र असा सुरेख शब्द आहे. कारखान्यात मात्र 'आटे पाडणे' हाच शब्द चालतो आणि तोच आम्ही वर्गात वापरतो.

हाताने बोल्ट व नट करावयाचा झाल्यास नट आधी करावा, असा फिटरचा संकेत आहे. यामागे कारण आहे. नटाच्या आत आटे पाडणाऱ्या टॅपचे माप ठरलेले असते, ते बदलता येत नाही. उलट बोल्टवर आटे पाडणारी चिरलेली डाय तिच्या स्क्रूंनी थोडी उघडता किंवा आवळता येते. जे बदलत नाही ते आधी, जे जुळवून घेऊ शकते ते मागाहून. नटाच्या तुकड्यावर मध्यभागी पंचाने खूण करून ८.५ मिलिमीटरचे भोक पाडावे. दहाचा बोल्ट जायचा म्हणून दहाचे भोक पाडणारा विद्यार्थी दरवर्षी एखादा तरी निघतोच. त्याच्या हाती नुसते गुळगुळीत भोक येते, कारण आट्यांसाठी धातूच उरत नाही. मग टॅपचा तीन नगांचा संच: पहिला टोकाला बराच निमुळता, दुसरा कमी, तिसरा जवळजवळ सरळ. पहिला टॅप दोन-तीन फेरे धरला की हँडल काढून गुण्या लावावा आणि टॅप दोन दिशांनी काटकोनात उभा आहे का ते पाहावे. तिरपा लागलेला टॅप पुढे कितीही जोर केला तरी सरळ होत नाही, तो तुटतो. कठीण पोलादाचा तो तुकडा भोकात अडकला की काढणे महाकर्मकठीण.

बोल्टचे डोके भट्टीवर घडते. गजाचे टोक लाल करून, भोक असलेल्या जाड पोलादी ठोकळ्यात तो उभा धरावा आणि वर आलेले टोक घणाने ठोकावे, म्हणजे ते पसरते. मग कानशीने सहा बाजू काढाव्यात. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना तिच्यावर भार देऊ नये. गजाच्या दुसऱ्या टोकाला उतार द्यावा आणि आटे पडायच्या भागाचा व्यास दहापेक्षा किंचित कमी, ९.८ च्या आसपास आणावा. कापताना धातू थोडा फुगतो. व्हाइसच्या जबड्यांत तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे घालून गज उभा आवळावा. डायची निमुळती बाजू खाली, मधला स्क्रू आवळून डाय उघडलेली, तेलाचे दोन थेंब, आणि दोन्ही हातांचा दाब सारखा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवण्याने कीस तुटतो. घाईचा विद्यार्थी हा पाव फेरा वाचवतो आणि त्याचे आटे फाटतात. पहिल्या कापणीनंतर नट लावून पाहावा, अडला तर डाय किंचित आवळून पुन्हा फिरवावी. नट बोटांनी फिरला पाहिजे आणि हलवून पाहता खडखडता कामा नये.

हे टॅप आणि डाय हाती आहेत म्हणून आज हे काम एका तासिकेत बसते. पंधराव्या शतकात युरोपात चिलखते आणि घड्याळे यांत धातूचे स्क्रू दिसू लागले, त्या काळी कारागीर दंडावर रेषा आखून आटे कानशीने कोरीत असे. प्रत्येक बोल्ट आपल्याच नटाचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी कारखान्यांविषयी जेम्स नॅस्मिथ या अभियंत्याने लिहून ठेवले आहे की, यंत्र उघडताना प्रत्येक नट-बोल्टच्या जोडीवर खूण करावी लागे. जोड्यांची सरमिसळ झाली की भुर्दंड ठरलेला. ज्याने बोल्ट केला, त्याच्याकडेच दुरुस्तीसाठी जावे लागे. विद्या एका माणसाच्या मनगटात कोंडलेली असली म्हणजे असे होते.

नॅस्मिथचा गुरू हेन्री मॉडस्ले हा १७७१ साली वूलविच येथे जन्मला. बाराव्या वर्षी तो तेथील शस्त्रागारात काडतुसे भरण्याच्या कामाला लागला. अठराव्या वर्षी तो लंडनला जोसेफ ब्रामा या कुलुपे करणाऱ्याकडे गेला, तेव्हा अडचण निघाली: त्याने सात वर्षांची रीतसर उमेदवारी केलेली नव्हती. अशा पोराला कसबी कारागिरांत बसवायचे कसे? अखेर त्याला एक झिजलेला व्हाइस दिला आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून दाखवायला सांगितले. त्याने तो दाखवला आणि त्याला काम मिळाले. इंग्लंडातही वर्गभेद भरपूर होता आणि मुलांकडून काडतुसे भरून घेणारी व्यवस्था काही आदर्श नव्हे. पण ज्या दारावर कुळ विचारले जात नाही, काम पाहिले जाते, ते दार निराळे.

पुढे १७९७ मध्ये मजुरीवाढ नाकारली गेल्याने मॉडस्लेने स्वतःचा कारखाना काढला आणि आटे कापण्याचा त्याचा लेथ त्याच सुमारास तयार झाला. एका अचूक मळसूत्राच्या आधाराने हत्यार ठरलेल्या गतीने सरकते आणि दातेरी चाके बदलली की हवा तो पिच मिळतो. त्याच्या बाकावर सूक्ष्म मापाचे एक उपकरण असे. कारागिरांनी त्याचे नाव 'लॉर्ड चान्सलर' ठेवले होते, म्हणजे इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधिकारी. मापाबद्दल वाद झाला की निवाडा त्याचा. त्यापुढे फोरमन आणि उमेदवार सारखेच.

त्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट जमवून मोजले आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली: आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला ठरावीक आटे. इंग्रजी रेल्वेबरोबर ही पद्धत आपल्याकडे आली. आजही खेड्यातला मिस्त्री 'तीन सुती बोल्ट' मागतो तो याच वंशातला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मेट्रिक बोल्टचा कोन ६० अंश. तीन सुती आणि दहा मिलिमीटर बोल्ट डोळ्यांना जुळे भाऊ वाटतात, पण एकाचा नट दुसऱ्याला घालू जावे तर दोघांचेही आटे जातात.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, परंतु तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यात विटाळ आडवा येई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी दाखवून दिले की, आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो; पोर्टरही होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. याच अर्थाने १९३६ मध्ये त्यांनी लिहिले होते की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. गँगमनच्या हाती पाना होता, रुळांचे बोल्ट तो रोज आवळत होता. तो बोल्ट कापणाऱ्या लेथपाशी जाण्याची वाट त्याला बंद होती.

म्हणूनच १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी शिष्यवृत्त्यांबरोबर सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, ही मागणी केली. त्याच वर्षी ते मजूरमंत्री झाले आणि युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस वाटते, संविधानाच्या तेजात त्यांच्या कार्याची ही बाजू आपल्या जयंतीच्या भाषणांतून फार क्वचित येते. धम्माच्या परंपरेलाही कारागीर परका नाही. सूची जातकात बोधिसत्त्व लोहाराच्या घरी जन्मतो आणि त्याने घडवलेल्या सुईच्या परीक्षेवरून त्याची योग्यता ठरते.

आमच्या कार्यशाळेतील परीक्षेत विद्यार्थ्याचा नट त्याच्या स्वतःच्या बोल्टवर लावून पाहत नाहीत. तो शेजारच्याच्या बोल्टवर फिरला तरच गुण मिळतात. अडला तर दोघे व्हर्नियर कॅलिपर घेऊन मोजायला बसतात. दोष बहुधा डायच्या मधल्या स्क्रूत सापडतो, आणि घंटा होण्याआधी तो दुरुस्त करता येतो.